सत्तेचाळीस नंबरचा फिल्टर

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येत नाहीत. माझं पोट आकड्यांवर चालतं. दशांश चिन्हापुढे सहा आकडे लिहिणारी बाई थापा मारायला लागली तर तिला कामावर कोण ठेवेल? तेव्हा खाली लिहिलंय ते जसं झालं तसंच आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार होता. दुपारचे दोन चाळीस.

आणि जागा... आमच्या प्रयोगशाळेतली वजनखोली.

भुतं रात्री येतात म्हणे. ही भर दुपारी आली. आणि तिला मीच आणली.

आम्ही हवेतली धूळ मोजतो. बाटलीच्या झाकणाएवढा पांढरा, गोल फिल्टर असतो. आधी त्याचं वजन करायचं. मग तो गच्चीवरच्या मशीनमध्ये जातो. तिथला पंप चोवीस तास त्यातून हवा ओढतो. परत येतो तेव्हा फिल्टर करडा झालेला असतो. पुन्हा वजन करायचं. जेवढं वाढलं, तेवढी धूळ.

ऐकायला सोपं आहे. पण मिठाच्या एका बारीक कणाचे पन्नास भाग केले, तर त्यातला एक भागसुद्धा आमचा काटा दाखवतो. म्हणून वजनखोलीला खिडकी नाही. एकामागे एक दोन दारं आहेत. अत्तर-पावडर लावून आत यायचं नाही. काटा दगडी टेबलावर, काचेच्या पेटीत. पेटीचं दार उघडं असताना नुसता श्वास सोडला तरी आकडा हलतो.

वजन करायचं काम माझं. पुढचं आमच्या ह्यांचं.

फिल्टरवरची धूळ आम्लात विरघळवतात आणि तिच्यात काय काय आहे ते तपासतात. ते सगळे आकडे ह्यांच्या कॉम्प्युटरवर जातात. प्रत्येक धुराची, धुळीची आपली एक ठेवण असते. गाड्यांचा धूर वेगळा, रस्त्याची धूळ वेगळी, जळक्या कचऱ्याची वेगळी, कारखान्याच्या धुराड्याची वेगळी. ह्यांचं मॉडेल सगळं पोटात घेतं आणि सांगतं, शंभरातले किती भाग कोणाचे. दर महिन्याला तेच चार गुन्हेगार. वाटे तेवढे कमीजास्त.

माझ्याआधी त्या काट्यापुढे ह्यांची पहिली बायको बसायची.

तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. दोन वर्षांनी तिच्या खुर्चीवर मी आले. आणखी एका वर्षानं तिच्या घरात. मनातल्या मनात मी तिला थोरली म्हणते.

जिवंत सवत परवडली हो. ती भांडते, जाड होते, भाजी करपवते. मेलेली कधी चुकतच नाही. सासूबाईंचा फोन आला की तिचं नाव निघाल्याशिवाय राहायचं नाही. एकदा मी बोलून गेले, "मेल्या म्हशीला मणभर दूध!" सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

हे मात्र कधी तुलना करायचे नाहीत. तेच जास्त लागायचं.

एकदाच केली. तीही कोऱ्या फिल्टरवरून.

कोरा फिल्टर म्हणजे आमची परीक्षा. दर खेपेला एक फिल्टर बाकीच्यांसारखाच गच्चीवर न्यायचा, मशीनमध्ये बसवायचा, पण पंप चालूच करायचा नाही. तसाच खाली आणायचा. त्यातून हवा गेलेली नाही, म्हणजे त्याचं वजन वाढता कामा नये. वाढलं, तर चूक हवेची नाही. हात लावणाऱ्याची.

थोरलीच्या वह्यांत कोऱ्यासमोर ओळीनं शून्य. माझ्या वहीत शेवटच्या घरात कधी तीन, कधी पाच. ह्यांनी वही चाळली आणि सहज म्हणाले,

"ती श्वास धरून वजन करायची. म्हणून."

झालं. त्या दिवसापासून मीही श्वास धरायला लागले. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरी कोरा दोनवर यायचाच.

जानेवारीत ह्यांच्या टेबलाच्या खणात स्टेपलर शोधताना एक डबी सापडली. फिल्टर ठेवायची प्लास्टिकची चपटी डबी. आत करडा फिल्टर. वर चिठ्ठी चिकटवलेली, थोरलीच्या अक्षरात.

आमची खोली. चोवीस तास. आम्ही दोघं.

"अहो, हे काय आहे?"

हे एकदम अवघडले. "अगं, ते... घरातल्या हवेचा एक प्रयोग होता. एका रविवारी पलंगाशेजारी मशीन लावलं होतं. दिवसभर बाहेर पडलोच नाही आम्ही."

"मग तपासला का नाही?"

"तपासला की संपतो ना. आम्लात गेला की गेला." त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली. किती हळूच घेतली ते मला विसरता येत नाही. "माणूस दिवसभर हवेत सांडत असतो गं. कातडीचे कण, कपड्यांचं सूत, तोंडाची पावडर. तिचं तेवढंच उरलंय."

माझ्या अंगाचा तीळपापड झाला. तिचा फोटो भिंतीवर आहे, तो मी रोज पुसते. पण अख्खा रविवार बाहेर न पडता? माझ्या वाटणीच्या रविवारी हे गाडी धुतात. दोनदा.

आता तो मंगळवार.

खोलीत मी एकटी होते. हे मीटिंगमध्ये. वीस फिल्टरांची वजनं करायची होती. आणि माझ्या चिमट्यातून सत्तेचाळीस नंबरचा फिल्टर निसटला. जमिनीवर पडला, धुळीची बाजू खाली.

पडलेला फिल्टर बाद असतो. वहीत तसं लिहायचं आणि सही करायची. दोन महिन्यांत माझ्या हातून पडलेला हा तिसरा. हे वही बघणार. बोलणार काहीच नाहीत. मनात म्हणणार, तिच्या हातून कधी पडला नाही.

आणि मला ते सुचलं.

कुणी सुचवलं देव जाणे. माझ्याच मत्सरानं, दुसऱ्या कुणाला कशाला दोष देऊ? मी बाहेर गेले, ह्यांच्या खणातून ती डबी आणली. आतला फिल्टर काढून सत्तेचाळीसच्या जागी ठेवला. जमिनीवर पडलेला रस्त्याच्या धुळीचा फिल्टर 'आम्ही दोघं'च्या डबीत घातला. दोन्ही करडेच. कुणाला कळणार होतं? माझा बाद फिल्टर वाचला. आणि थोरली उद्या आम्लात.

नोंदीपुरतं वजन करायचं म्हणून तो काट्यावर ठेवला.

आकडा स्थिर होईना.

तीननं वर गेला... तीननं खाली आला. पुन्हा वर... पुन्हा खाली.

काचेचं दार उघडं राहिलं असेल म्हणून पाहिलं. बंद होतं. टेबलाला माझा हात लागला असेल म्हणून मागे सरकले. खोलीतली हवा थांबलेली. मी श्वास धरला.

वर... खाली. वर... खाली. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसं, अगदी सावकाश.

त्या खोलीत श्वास घेणारी मी एकटीच होते. आणि मी श्वास धरलेला होता.

मनाला येईल तो आकडा लिहिला, डब्या बंद केल्या आणि सगळी खेप तपासणीला देऊन आले. 'आम्ही दोघं'ची डबी खणात परत ठेवली.

खरं तेच सांगते. त्या संध्याकाळी घरी जाताना मी गाणं गुणगुणत होते.

तीन आठवड्यांनी आकडे आले. हे कॉम्प्युटरवर मॉडेल पुन्हा पुन्हा चालवत होते.

"पाचवा स्रोत आहे," म्हणाले.

"चारच असतात ना?"

"हो. पण हा पाचवा आहे. शंभरातला जेमतेम एक भाग. गाड्यांचा नाही, धुराड्याचा नाही. टाल्कम पावडरीत असतं तसलं काहीतरी आहे. आणि लोकरीचं सूत."

मी ओळखलं, कोण ते. तरी स्वतःला समजावलं. एका फिल्टरनं मॉडेलला चकवलं असेल. पुढच्या महिन्यात जाईल.

पुढच्या महिन्यात शंभरातले चार झाले.

आणि आता तो एका फिल्टरवर नव्हता. सगळ्यांवर होता. गच्चीवरून ताज्या आलेल्या, मी स्वतः पेटीतून नवे काढून दिलेल्या फिल्टरांवर.

हे वाऱ्याचा तक्ता घेऊन बसले. धूर कुठून येतो ते वाऱ्यावरून कळतं. वारा धुराड्याकडून आला की धुराड्याचा वाटा वाढतो. तसा पाचवा कोणत्या दिशेनं वाढतो ते त्यांना बघायचं होतं.

"कोणत्याच दिशेनं वाढत नाही," ते म्हणाले. "वारा सुटला की कमी होतो. वारा पडला की वाढतो. म्हणजे लांबून येत नाहीये. इथलाच आहे, अगदी जवळचा."

हे सांगताना ते हसत होते.

मी गच्चीवर गेले. तिथली मशीनं सांभाळणारे काका बावीस वर्षांपासून तिथेच आहेत. त्यांना आम्ही गच्चीवाले काकाच म्हणतो.

"काका, वर कुणी पावडर-बिवडर लावतं का?"

"मॅडम, तुम्हाला पण आला का तो वास? मला वाटलं मलाच येतोय. तुमच्या आधीच्या ताई होत्या ना, त्या पाच वाजता घरी निघताना तोंडावरून पावडरीचा हात फिरवायच्या. तसाच वास. मशीनपाशी उभं राहिलं की येतो."

"काहीतरीच काय!"

"मी तर म्हणतो देव करो आणि काहीतरीच असो. आणखी एक सांगू? तुमचा तो कोरा फिल्टर बसवतो ना, पंप बंद ठेवून..."

"त्याचं काय?"

"पंप बंद असतो. प्लगसुद्धा काढून ठेवतो मी. तरी आतून आवाज येतो. ओढल्याचा... आणि सोडल्याचा." काकांनी आजूबाजूला पाहिलं. "मॅडम, आपलं मशीन हवा नुसती ओढतं. आली त्या तोंडानं परत सोडत नाही."

मी धावत खाली आले. त्या दिवशीचा कोरा फिल्टर काट्यावर ठेवला.

एकवीसनं वाढला होता.

काटा तपासला. बरोबर होता. पुन्हा ठेवला. एकवीस. ज्या फिल्टरमधून हवा गेलीच नाही, त्यावर कुणीतरी बसून गेलं होतं. ह्यांनी वही पाहिली आणि मान हलवली. "तू श्वास धरत नाहीस," एवढंच म्हणाले.

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. वाटली ती चीड. मेली तरी ही बाई माझ्या वहीत खोडसाळपणा करते आणि बोलणी मी खाते!

इकडे ह्यांचं काहीतरी भलतंच चाललं होतं. रोज दाढी करायला लागले. शीळ घालायला लागले. गाडी धुणं बंद. पाचव्याचा वाटा सात झाला, अकरा झाला, आणि प्रत्येक वेळी ह्यांचा चेहरा असा खुलायचा की मला लग्नातल्या फोटोतही तो तसा दिसत नाही.

मे महिन्यात एका शुक्रवारी जेवताना म्हणाले, "ह्या रविवारी घरी मशीन लावू या. पलंगाशेजारी."

नाही कसं म्हणणार? नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

मग मी ठरवलं. लावू दे. थोरलीनं एक रविवार हवेत सांडलं ना? मीही सांडेन. तिच्या दुप्पट.

हसा खुशाल. मी त्या रविवारी सकाळी नवी पावडर फोडली. लोकरीची शाल अंगावर घेतली, मे महिन्यात! मशीनच्या तोंडाशी बसून केस विंचरले. चादरी झटकल्या, उश्या झटकल्या. दिवसभर बडबडले. हे हो ला हो करत होते. आम्ही खरंच बाहेर पडलो नाही. मला वाटलं, जिंकले.

दुपारी जरा पडलो. हे पलंगाच्या त्या कडेला, मशीनच्या बाजूला. मी ह्या कडेला. मशीनची घरघर चालू होती. मला झोप लागेना.

झोपेत ह्यांनी हात हलवला. मला वाटलं माझ्याकडे येईल.

हात दुसऱ्या बाजूला गेला. पलंग आणि मशीन ह्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. तिथे काहीच नव्हतं. हात तिथेच, हवेत, टेकल्यासारखा थांबला. बोटं हळूच थोपटत होती.

आणि घरघरीच्या खालून... ओढल्याचा आवाज... मग सोडल्याचा.

मी तशीच डोळे मिटून पडून राहिले. माझी पाचावर धारण बसली होती. पण खोटं कशाला बोलू, भीतीच्याही वर एकच विचार होता. मला असं कधी थोपटलं नाही ह्यांनी.

चोवीस तास झाल्यावर फिल्टर मी स्वतः काढला. डबीवर चिठ्ठीही मीच लिहिली. आमची खोली. चोवीस तास. आम्ही दोघं.

ह्यांनी ह्या वेळी काम चोख केलं. स्वतःच्या कपड्यांवरची धूळ वेगळी तपासायला दिली. माझ्या शालीवरची, उशीवरची वेगळी. घराबाहेरच्या रस्त्याची वेगळी. म्हणजे मॉडेलला सगळ्यांच्या ठेवणी माहीत. खोलीत कोण किती, ते कळायला काही अडचण नाही.

जूनच्या शेवटी आकडे आले. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते.

पडद्यावर एक गोल. त्याचे तीन भाग. एक रस्त्याचा, लहानसा. एक ह्यांचा. आणि तिसरा, अर्ध्याहून मोठा... पाचवा.

"आणि मी?" मी विचारलं.

ह्यांनी बोटानं खालची ओळ दाखवली. तिथे माझ्या नावापुढे आकडा होता.

शून्य.

"तीनदा चालवून पाहिलं," ते म्हणाले. "तुझं काही सापडत नाही."

दिवसभर त्या मशीनच्या तोंडाशी केस विंचरत बसलेली मी. माझा एक कण नाही. त्या खोलीत दोघंच राहत होती, आणि त्यांतली एक मी नव्हते.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. वाटलं, सांगून टाकावं. चिडतील, ओरडतील, पण निदान माझ्याकडे बघून ओरडतील. मी सगळं सांगितलं. पडलेला फिल्टर, डबी, आम्ल. "तिचा फिल्टर मी संपवला," म्हणाले. "तुमच्या खणातल्या डबीत नुसती रस्त्याची धूळ आहे. सत्तेचाळीस नंबरची."

हे शांतपणे माझ्याकडे वळले.

"माहीत आहे मला," म्हणाले. "मार्चपासूनच माहीत आहे. सत्तेचाळीस नंबरचे आकडे पाहिले तेव्हाच ओळखलं मी तिला."

"मग... बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांचा आवाज इतका मऊ होता. "डबीत होती तोवर एकाच जागी होती गं. मला उघडायची भीती वाटायची. आता बघ, सगळीकडे आहे. माझं धैर्य कधी झालं नसतं. तू सोडवलंस तिला."

आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुझे उपकार आहेत माझ्यावर."

याला आता चार महिने झाले. मी ते घर सोडलेलं नाही. मी का जाऊ? लग्न माझ्याशी झालंय. हे माझ्याशी चांगलं वागतात, विचारपूस करतात, पाहुण्यांची करतात तशी. रविवारी आम्ही बाहेर पडत नाही. मी स्वयंपाकघरात असते.

आमच्या साहेबांनी मध्यंतरी दुसऱ्या तज्ज्ञाकडून आकडे तपासून घेतले. त्यालाही पाचवा स्रोत सापडला. अहवालात त्यानं 'अज्ञात' असं लिहिलं आणि कुणालाच त्याचं काही विशेष वाटलं नाही.

कोरा फिल्टर मात्र सुधारला. जुलैपासून माझ्या वहीत ओळीनं शून्य आहेत. काका म्हणतात वरचा आवाजही थांबला, वासही गेला. "गेली बहुतेक ताई, मॅडम," ते म्हणाले. ती कुठे राहते ते मला माहीत आहे.

पण परवा एक गोष्ट झाली, म्हणून हे लिहायला बसले.

वजनाआधी रिकामा काटा शून्यावर आणताना काचेच्या पेटीचं दार चुकून उघडं राहिलं होतं. मी वाकून आकडा बघत होते. तोंड काट्यापासून वीतभरावर. मला खोकला आला. चांगला जोराचा.

आकडा हलला नाही.

मी पुन्हा खोकले, मुद्दाम. मग फुंकर मारली. मग तोंड अगदी जवळ नेऊन श्वास सोडला... सोडत राहिले...

काट्यावर शून्य. सहाच्या सहा आकडे, स्थिर.

काटा बिघडला असेल म्हणून काकांना बोलावलं. ते दारातून आत आले, तेवढ्यानंच आकडा हलला. ते बाहेर गेले. पुन्हा शून्य.

आता मी वजन करताना श्वास धरत नाही. धरला काय आणि सोडला काय... काट्याला फरकच पडत नाही.